लाल म्हणजे नेमकं काय आणू? जूनटीन्थचं सरबत आणि तुमचे प्रश्न

दर उन्हाळ्यात मला पन्ह्याचे प्रश्न येतात, कैरी उकडून घ्यायची की कच्ची किसून, गूळ की साखर, वेलदोडा की केशर, आणि दर उन्हाळ्यात मी तीच उत्तरं देते (उकडून, गूळ, वेलदोडा, आता पुढच्या वर्षी विचारू नका). यंदा मात्र टेक्सासहून एक पत्र आलं आणि त्याच्या मागोमाग त्याच विषयावरची आणखी चार, कारण पहिल्या पत्राचा थोडा भाग मागच्या अंकात छापला होता आणि उत्तर पुढच्या वेळी देते म्हणाले होते. तर हे ते उत्तर, आणि बाकीच्यांचीही.

ताई नमस्कार, आम्ही ह्युस्टनजवळ राहतो, या घरात येऊन आठच महिने झालेत. १९ जूनला इथे जूनटीन्थची सुट्टी असते, आमच्या गल्लीतली पाच-सहा ब्लॅक कुटुंबं मिळून पार्कात कुकआउट करतात आणि यंदा आम्हालाही बोलावलंय. कोण काय आणणार याची यादी ग्रुपवर फिरली त्यात 'रेड ड्रिंक' समोर कुणाचं नाव नव्हतं, मला वाटलं हे सोप्पं, टाकलं नाव. मग शेजारणीला विचारलं की कुठल्या फ्लेवरचं आणू, तर ती हसत म्हणाली 'हनी, रेड इज द फ्लेवर'. आता काय करू? नवरा म्हणतो कोक ने, लेबल लालच असतं. सासूबाई आल्यात, त्या म्हणतात कोकम सरबत कर, त्यांनी येताना बाटली आणलीये. आणि मुळात लालच का? माणसं साधारण ४० असतील.
(ह्युस्टनजवळून एक मैत्रीण)

अगं, आधी नवऱ्याला सांग की कोक नेलास तर कुणी काही बोलणार नाही पण पुढच्या वर्षी तुमच्या नावापुढे 'पेपर प्लेट्स' लिहून येईल.

शेजारीण बरोबर बोलली. मी नवऱ्याच्या नोकरीमुळे सहा वर्षं टेक्सासमध्ये काढली आणि मला हे कळायला त्यातली दोन लागली. आपण 'लाल सरबत' ऐकलं की लगेच विचारतो कशाचं, गुलाबाचं, कोकमाचं, डाळिंबाचं? तिथे तो प्रश्नच नसतो. स्ट्रॉबेरी सोडा असेल, चेरीचं पावडरचं सरबत असेल, लाल लेमोनेड असेल, लाल अंबाडीच्या सुकवलेल्या बोंडांचं आंबट सरबत असेल, ग्लास लाल दिसला म्हणजे झालं. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला गेलीस आणि हातात पन्हं-डाळीऐवजी चहा-बिस्किट आलं तर कसं वाटेल, चहा वाईट नसतो गं, पण चैत्र आल्यासारखं वाटत नाही. तसंच आहे हे.

आता लालच का, तर त्यासाठी तो दिवस काय आहे ते थोडं सांगते, कारण मला स्वतःला पहिल्या वर्षी कुणी नीट सांगितलं नव्हतं आणि मी नुसतीच 'हॅपी जूनटीन्थ' म्हणत फिरले होते.

अमेरिकेत उत्तर विरुद्ध दक्षिण असं यादवी युद्ध चालू असताना लिंकनने गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा लागू केला १ जानेवारी १८६३ ला. पण तो लागू होणार कसा, जिथे त्याचं सैन्य पोचलंय तिथेच ना. टेक्सास सगळ्यात लांबचं टोक, तिथे उत्तरेचं सैन्य फारसं नव्हतंच, उलट इतर राज्यांतले मालक आपापले गुलाम घेऊन टेक्सासकडे सरकत होते म्हणजे तिथे कुणी हात लावणार नाही. शेवटी १९ जून १८६५ ला जनरल गॉर्डन ग्रेंजर गॅल्व्हस्टन बंदरात सैन्य घेऊन आला आणि त्याने जनरल ऑर्डर नंबर ३ काढली की सगळे गुलाम मुक्त आहेत. टेक्सासमध्ये तेव्हा अडीच लाखांच्या आसपास माणसं गुलामीत होती. जाहीरनाम्याला अडीच वर्षं होऊन गेलेली. आणि त्या ऑर्डरमध्येच पुढे असंही होतं की आहात तिथेच शांतपणे राहा आणि मजुरीवर काम करा, म्हणजे स्वातंत्र्य दिलं पण गेटच्या बाहेर पडू नका. बरेच जण अर्थात पडले बाहेर, विकल्या गेलेल्या बायकोला, मुलांना शोधायला.

पुढच्याच वर्षापासून, १८६६ पासून, लोक तो दिवस साजरा करायला लागले. जून आणि नाइन्टीन्थ जोडून जूनटीन्थ. गावातल्या बागांमध्ये त्यांना जमू देत नसत, म्हणून ह्युस्टनमध्ये पाद्री जॅक येट्स आणि आणखी काही जणांनी वर्गणी काढून १८७२ मध्ये १० एकर जागा विकत घेतली, ते इमॅन्सिपेशन पार्क आजही आहे, तुझ्या घरापासून फार लांब नसेल, सासूबाईंना एकदा नेऊन आण. टेक्सास राज्याची सुट्टी व्हायला १९८० उजाडलं आणि सगळ्या देशाची व्हायला २०२१. त्यात फोर्ट वर्थच्या ओपल ली या आजींचा मोठा हात. २०१६ मध्ये, वयाच्या ८९ व्या वर्षी, त्या वॉशिंग्टनच्या दिशेने निघाल्या आणि गावोगाव अडीच मैल चालायच्या, अडीच वर्षं उशिराने पोचलेल्या बातमीचे अडीच मैल. मी गुडघा दुखतोय म्हणून भाजी आणायला रिक्षा करते त्या दिवशी मला त्या आठवतात.

तर लाल. याची दोन मतं ऐकायला मिळतात आणि मला दोन्ही पटतात. एक म्हणजे लाल हा सांडलेल्या रक्ताची आठवण. दुसरं मत खाद्य-इतिहास लिहिणारे एड्रियन मिलर वगैरे मांडतात ते मुळाकडे जातं: पश्चिम आफ्रिकेत पाहुणा आला की कोला नावाची फळबी पुढे करायची पद्धत, त्यात लाल कोलाही असतो, आणि दुसरं म्हणजे अंबाडीच्या जातीच्या लाल बोंडांचं सरबत. सेनेगलमध्ये त्याला बिसाप म्हणतात, नायजेरियात झोबो, घानात सोबोलो. गुलामांच्या जहाजांबरोबर ही झाडं अटलांटिकपार कॅरिबियन बेटांवर गेली, जमैकात तेच सरबत आलं आणि रम घालून नाताळात पितात आणि त्याला सॉरेल म्हणतात. अमेरिकेत आलेल्यांच्या हातात ती झाडं राहिली नाहीत, पण सणाला लाल प्यायचं ही आठवण राहिली, मग जे लाल मिळेल ते. आधी जत्रा-सर्कशीत मिळायचं तसलं लाल लेमोनेड, मग पावडरचं कूल-एड (ते १९२७ मध्ये नेब्रास्कात निघालं), मग स्ट्रॉबेरी सोडा, आणि टेक्सासचा खास तो 'बिग रेड', १९३७ मध्ये वेको गावात तयार झालेला. बिग रेडची चव कशी असते विचारशील तर, लहानपणी बबलगम चघळून वर व्हॅनिला आइस्क्रीम खाल्लंस तर जी येईल ती. पहिल्या घोटाला मी चेहरा वाकडा केला होता, सहाव्या वर्षी जाताना चार कॅन बॅगेत टाकत होते आणि वजन जास्त झालं म्हणून एअरपोर्टवर काढून ठेवावे लागले.

आता तुझं काय. माझं सरळ मत: मुख्य भांडं बोंडांच्या सरबताचं ने, आणि सासूबाईंचं कोकम शेजारी छोट्या जगमध्ये. कोकम एकटं नेऊ नकोस. कोकम कमी आहे म्हणून नव्हे, माझं माहेर देवगडचं आहे मी कोकमाला कमी कसं म्हणेन. पण तुला त्यांच्या सणाला त्यांच्या यादीतली एक रिकामी जागा भरायला दिलीये, ती आधी त्यांच्या वस्तूने भर, मग 'हे आमच्याकडचं लाल' म्हणून कोकम पुढे कर. तेव्हा लोक फार प्रेमाने पितात, आणि विचारतात, आणि मग सासूबाईंना बसवून घेतात आणि सासूबाई चार वाजेपर्यंत उठत नाहीत. हे मी स्वतः बघितलंय, सासूबाई माझ्या होत्या. आणि कृपा करून त्याला 'जूनटीन्थ कोकम कूलर' असलं काही नाव देऊन चिठ्ठी लावू नकोस. २०२२ मध्ये तिथल्या एका मोठ्या दुकानसाखळीने जूनटीन्थ आइस्क्रीम काढलं होतं, लाल रेड-व्हेल्वेटचं, लोक इतके चिडले की माफी मागून मागे घ्यावं लागलं. कोकमावर फक्त कोकम लिही, खाली आंबट फळ, साखर, मीठ, जिरं एवढं लिही, लोकांना काय पितोय ते कळलं पाहिजे.

एक महत्त्वाचं, ती बाटली उघडून चाखून बघ. आगळ असेल तर ते नुसतं मिठाचं असतं, सोलकढीचं, त्यात साखर नसते. अमृत कोकम असेल तर ते सालं साखरेत मुरवलेलं असतं, त्याला पाणीच घालायचं, एकाला चार ते पाच. आणि जिरंपूड निम्म्याच जगमध्ये घाल, गोड सरबतात जिरं आणि सैंधव लागलं की नवखा माणूस जरा दचकतो. सोलकढी तर अजिबात नको, ती गुलाबी, आणि लसूण.

मॅडम, मागच्या अंकात तुम्ही 'हिबिस्कस' लिहिलं, म्हणजे जास्वंदच ना? आमच्या यवतमाळकडे अंगणात भरपूर आहे. त्याचंच सरबत करायचं का? कृती द्या.
(यवतमाळहून एक वाचक)

नाही हो दादा, इथेच सगळे फसतात. अंगणातली जास्वंद गणपतीला वाहायची, ती वेगळी. हे सरबत आहे लाल अंबाडीचं. तुमच्याकडे यवतमाळात तर अंबाडीची भाजी कण्या घालून, वरून लसणाची फोडणी ओतून घरोघर होते, तिचीच ही जवळची बहीण, तेलुगू लोकांची गोंगुरा तीच. फूल पिवळट असतं आणि गळून पडतं, मग त्याच्याखालचा जो मांसल लाल कप राहतो, बोंड म्हणतो आपण, तो घ्यायचा. हिवाळ्याच्या तोंडाला बोंडं येतात, आतली बी काढून सावलीत वाळवून ठेवली की उन्हाळ्यापर्यंत आरामात टिकतात. तुमच्याकडे त्याची चटणी करतात, जॅम करतात, सरबतही करतात बरेच जण, फक्त आपण त्याला सण जोडला नाही इतकंच. परदेशातल्या मंडळींसाठी सांगते, हे इंडियन दुकानात शोधू नका, मेक्सिकन दुकानात जा, सुक्या मिरच्यांच्या शेजारी डब्यात सुटं मिळतं, 'फ्लोर दे हमायका' म्हणायचं, ते लोकही याचं सरबत रोजच्या जेवणात पितात.

कृती आता ह्युस्टनच्या मैत्रिणीच्या मापाने देते, साधारण ६ लिटर होईल, तुम्ही घरच्यासाठी सहावा हिस्सा करा. ४० माणसांना दोन-दोन ग्लास पुरणार नाही हे माहितीये, पण तिथे आणखी कुणीतरी सोडा आणतंच आणि शिवाय कोकम आहे.

दीडशे ग्रॅम सुकी बोंडं चाळणीत घेऊन एकदा भरभर धुवा, त्यात माती असते, पण पाण्यात भिजत ठेवू नका, रंग तिथेच जाईल. ३ लिटर पाणी स्टीलच्या मोठ्या पातेल्यात उकळा, त्यात बोटभर लांबीचे तीन-चार आल्याचे तुकडे ठेचून, आठ-दहा लवंगा, दालचिनीचा एक तुकडा. उकळी फुटली की गॅस बंद करा आणि मग बोंडं टाका, झाकण ठेवा, अर्धा तास विसरून जा. खळाखळा उकळत ठेवलं की तुरट होतं. गरम असतानाच गाळा, अर्धा किलो साखर घालून ढवळा, थंड झालं की ३ लिटर गार पाणी आणि पाच-सहा लिंबांचा रस. लिंबू पडलं की रंग एकदम उजळतो, आधी तो जरा काळपट जांभळा असतो, लिंबानंतर माणकासारखा होतो, हा क्षण मुलांना दाखवा. आणि एका वाटीत थोडं बाजूला काढून त्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाका, निळं-हिरवं होतं, पिऊ नका, नुसतं बघा.

स्टील म्हटलं ते उगाच नाही. मी पहिल्यांदा केलं ते घरातलं सगळ्यात मोठं पातेलं म्हणून ॲल्युमिनियमचं घेतलं, आंबट पदार्थ त्यात उकळू नये हे आमसुलाच्या सारापासून मला माहिती, तरी घेतलं. सरबताला नाणं चोखल्यासारखी चव. शेजारच्या ब्लॅक आजी, ज्यांच्याकडे नेलं होतं, त्यांनी एक घोट घेतला, ग्लास खाली ठेवला आणि म्हणाल्या 'बेबी, व्हॉट पॉट डिड यू यूज'. चव कशीये वगैरे काही नाही, थेट भांडं. देवगडच्या माझ्या आजीने अगदी हाच प्रश्न विचारला असता.

बर्फाचं एक सांगायचं राहिलं. जूनमध्ये ह्युस्टनला पारा ३५ च्या आसपास असतो आणि हवा अशी दमट की मुंबईचा मे महिना परवडला, बर्फ टाकला की पंधरा मिनिटांत पाणी. म्हणून सरबतातलंच लिटरभर आदल्या दिवशी ट्रेमध्ये ओतून बर्फ करून न्या, ते विरघळलं तरी चव जात नाही.

आपल्या मासिकात अमेरिकेतल्या सणांना एवढी जागा कशासाठी? आपल्या मातीतले सण संपले का? पन्हं, कोकम, ताक सोडून हे जूनटीन्थ-बिन्थ आम्हाला काय करायचंय?
(पुण्यातील एक ज्येष्ठ वाचक)

काका, पन्ह्यावर मी आत्तापर्यंत अकरा वेळा लिहिलंय, संपादकांकडे हिशोब आहे. पण तुमचा प्रश्न टाळत नाही, आणि तुम्ही पुण्याचे आहात म्हणून तर अजिबातच नाही.

महात्मा फुल्यांचं 'गुलामगिरी' तुमच्या कपाटात असेल. १८७३ चं पुस्तक. पहिलं पान उघडा. ते अर्पण कुणाला केलंय? अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, त्यांनी तिथल्या निग्रोंना गुलामीतून सोडवण्यासाठी जो त्याग केला त्याबद्दल, आणि माझे देशबांधव तो कित्ता गिरवतील अशी आशा धरून. गॅल्व्हस्टनची ती ऑर्डर निघाली १८६५ ला, म्हणजे मध्ये फक्त आठ वर्षं. तेव्हा ना फोन ना इंटरनेट, पुण्यात बसून एक माणूस त्या बातमीचं मोल ओळखून पुस्तक अर्पण करतो, आणि आपण दीडशे वर्षांनी हातात फोन घेऊन विचारतो की आम्हाला काय करायचंय. (फुल्यांनी आभार मानले ते सोडवणाऱ्यांचे, स्वतः सुटलेली माणसं त्या वेळी वर्गणी काढून पार्कासाठी जमिनी घेत होती ही बाजू त्यांच्यापर्यंत पोचली असती तर त्यांनी त्यावरही काहीतरी लिहिलं असतं असं आपलं मला वाटतं.) पुढे बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले ब्लॅक विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना पत्र लिहिलं, तुमच्या आणि आमच्या लोकांच्या परिस्थितीत फार साम्य आहे म्हणून. तेव्हा ही ओळख काही माझ्या स्वयंपाकघरातून सुरू झालेली नाही.

आणि सरबताचंच म्हणाल तर १४ एप्रिलला दुपारी कुठल्याही वस्तीतून चक्कर मारून या. मंडप घातलेला असतो, पिंपात बर्फाची लादी, कुणी सरबत वाटतंय, कुणी ताक, कुणी नुसतं थंड पाणी, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून हातात ग्लास देतात, कोण कुठला विचारत नाहीत. ज्या लोकांना एके काळी तळ्याचं पाणी पिऊ देत नव्हते त्यांनी रस्त्यावर उभं राहून सगळ्यांना पाजायचं. टेक्सासच्या पार्कात पहिल्यांदा लाल ग्लास माझ्या हातात आला तेव्हा मला काय आठवलं असेल ते तुम्हीच सांगा. बाकी तुमचं ताक मला मान्य आहे, पुढच्या अंकात मठ्ठ्यावर लिहिते, नक्की.

न्यू जर्सीत असतो. ऑफिसमधल्या ब्लॅक कलीगच्या घरी जूनटीन्थला जायचंय. मला बीपीची गोळी चालू आहे, बायकोला डायबेटिस, मुलगा ६ वर्षांचा. आम्ही तिघं नक्की काय पिऊ शकतो? आणि मला सरबत वगैरे करायला येत नाही, विकतचं नेलं तर चालेल का?
(न्यू जर्सीहून एक वाचक)

विकतचं नेलं तर चालेल काय, बऱ्याच घरांत तेच खरं मानतात. स्ट्रॉबेरी सोडा किंवा बिग रेडचे दोन क्रेट, आणि एक मोठी बर्फाची पिशवी, ही बर्फाची पिशवी कुणीच आणत नाही आणि ती आणणारा माणूस त्या दिवशी सगळ्यांचा लाडका असतो. बिग रेडमध्ये कॅफीन असतं, मुलाला स्ट्रॉबेरी सोडा द्या नाहीतर रात्री बारापर्यंत तुम्हीच त्याच्यामागे धावाल.

बोंडांच्या सरबताने रक्तदाब थोडा उतरतो, हे नुसतं घरगुती शहाणपण नाही, त्यावर अभ्यास झालेले आहेत. सणाला एक ग्लास प्यायलात म्हणून घाबरायचं कारण नाही पण गोळी चालू आहे आणि चव आवडली म्हणून रोज तांब्याभर प्यायचा विचार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. गरोदर बायकांनी ते टाळलेलं बरं. बायकोसाठी बिनसाखरेचं काढून ठेवायला सांगा, घरी केलेलं असेल तर साखर घालायच्या आधी एक बाटली बाजूला काढणं काही अवघड नाही, नुसतं आंबट, आल्याचं, गार, मला तर तेच जास्त आवडतं. यजमानांना आदल्या दिवशी एक मेसेज टाका, संकोच करू नका.

ताई मी डॅलसला शिकायला आहे. आम्ही चार मराठी मुलं एका जूनटीन्थ पिकनिकला जाणार आहोत, बजेट कमी आहे, कलिंगडाचा ज्यूस नेला तर? लाल पण आहे आणि स्वस्त पण.
(डॅलसहून एक विद्यार्थी)

बाळा, विचारलंस ते बरं केलंस. कलिंगड त्या टेबलावर असतंच, लाल पदार्थांत त्याचा मान मोठा, बार्बेक्यू, हॉट लिंक्स म्हणजे ते लालसर सॉसेज, रेड व्हेल्वेट केक आणि कलिंगड. पण त्याला एक घाणेरडा इतिहास चिकटलाय. मुक्ती मिळाल्यावर बऱ्याच ब्लॅक लोकांनी स्वतःच्या जमिनीवर कलिंगडं पिकवून विकली, स्वतःच्या पायावर उभे राहिले, आणि तेच डोळ्यांवर आलेल्या गोऱ्यांनी कलिंगड खाणाऱ्या काळ्या माणसाची टिंगल करणारी चित्रं काढून काढून ते फळच शिवीसारखं करून टाकलं. पोस्टकार्डं, जाहिराती, सगळीकडे तेच. त्यामुळे कलिंगड त्यांनी स्वतः कापून तुम्हाला दिलं तर दोन फोडी जास्त मागून खा, पण पाहुण्याने, तेही ओळख नसलेल्या घरी, पहिल्यांदा जाताना तेच उचलून नेऊ नये. मनात काही नसतं आपल्या, पण समोरच्याच्या मनात काय काय येऊन जाईल ते आपल्याला दिसत नाही.

स्वस्तात करायचं असेल तर लाल कूल-एडची पाकिटं घ्या. पाकिटावर लिहिलेल्या साखरेच्या पाऊणपटच साखर घाला, दोन लिंबं पिळा, बर्फ टाका, चार पोरांचं काम दहा मिनिटांत आणि खर्च एका पिझ्झाच्या निम्म्याहून कमी. यात कमीपणा काही नाही, कितीतरी घरांत पिढ्यानपिढ्या जूनटीन्थला हेच असतं.

ताई, परत मीच. तुम्ही फोनवर सांगितलंत तसं ट्रायल म्हणून अर्धं सरबत करून बघितलं. चव मस्त, सासूबाईंनी दोन ग्लास घेतले आणि म्हणाल्या हे आपलं अंबाडीचंच की. पण ओतताना माझ्या पांढऱ्या टेबलक्लॉथवर सांडलं. डाग कसा काढू? साबणाने धुतलं तर निळा झाला!
(ह्युस्टनजवळून तीच मैत्रीण)

झाला ना निळा, साबण पडला की तसंच होतं, वर वाटीत सोडा टाकायला सांगितलाय तीच गंमत. आता लिंबाचा रस नाहीतर पांढरं व्हिनेगर ओत म्हणजे परत लालसर होईल आणि सैल होईल, मग गार पाण्याखाली धर, उलट्या बाजूने, चोळू नकोस. गरम पाणी नको आणि ड्रायरमध्ये तर डाग पूर्ण गेल्याशिवाय टाकूच नकोस, एकदा भाजला की कायमचा. कोकमाच्या डागालाही हेच.

आणि १९ तारखेला पांढरा टेबलक्लॉथ घरीच ठेव. लाल प्लास्टिकचा डॉलर स्टोअरमध्ये मिळतो.